मुटुप आझांगचा थुक्पा

"डोळे बांधा माझे! कुठलंही मूळ नाकाला लावा, नाव सांगतो!" मुटुप आझांग गरजला. निल्झाचा हा मामा लेहहून सुट्टीला आला होता आणि तिरंदाजीला जमलेल्या अख्ख्या गावाला सुक्या सलगमचा थुक्पा, म्हणजे तिकडचं दाट सूप, खिलवणार होता. त्याने डाव चाटला. "अहाहा! काय मत्त थालाय!"

"आझांग, बोबडं का बोलताय?" निल्झाच्या धाकट्या भावाने, स्कर्माने विचारलं.

"दीभ दला दिनदिनतेय. मिलची दात्त थाली!"

मिरची? तिचा डबा तर उघडलाच नव्हता! निल्झा गच्चीवर धावली. सलगमच्या माळा जशाच्या तशा, आणि शेजारची मेमेंची टोपली मात्र रिकामी! तिचे मेमे, म्हणजे आजोबा, गावाचे वैद्य. त्या टोपलीत बचनागाची मुळं वाळत होती. मेमेंनी शुद्ध केली की औषध, पण तोवर जीवघेणी!

"स्कर्मा, पळ! मेमेंना शेतातून आण!"

स्वतः ती अंगणात आली. "थुक्पा खाऊ नका! विष आहे त्यात!"

रांगेने बसलेले पाहुणे खो खो हसले. "मामाची खोडी काढतेस होय गं?"

"थलगमच आहे!" म्हणत आझांग वाट्या वाढू लागला.

"नको, पोट भरलंय," पहिला तिरंदाज म्हणाला. भूक कितीही असो, आधी नको म्हणायचं ही तिथली रीत. तिसऱ्या आग्रहाला त्याचा हात सरकला, तोच निल्झा ओरडली, "इतक्यात हो? घरी जेवायला घालत नाहीत वाटतं!"

हात झटकन मागे. "छे, छे! मला कुठली भूक!"

मग काय! पुढचा त्याहून ताठ, त्याच्या पुढचा आणखी ताठ. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं, आणि सगळे मान हलवतायत! आझांग रडकुंडीला आला. "अले, घ्या ना कुनीतली!"

एवढ्यात मेमे धापा टाकत आले. पातेल्यातला तुकडा बघून त्यांचा चेहराच उतरला. "मुटुप, किती खाल्लास?"

"नुत्ता दाव चातला."

मेमेंनी त्याला मिठाच्या पाण्याने ओकायला लावलं आणि नाडी धरून बसले. बऱ्याच वेळाने हसले. "वाचलास, गाढवा! आणि ही पोर! गाव वाचवलं, वर कुणाचा मानही जाऊ दिला नाही!"

पातेल्यापाशी उभ्या निल्झाच्या कपाळाला कपाळ टेकवायला ते प्रेमाने वाकले, आणि त्यांचा चष्मा थुक्प्यात पडला. तो काढायला कोणीही हात घातला नाही.