कॉलरमागचा दोरा

काळे कपडे संपले तिथपासून सांगते, म्हणजे नीट कळेल. आणि नाम्वान, मध्ये हसायचं नाही. नंतर हस हवं तर.

आपले थायलंडचे महाराज गेले तो गुरुवार, आणि सगळा देश दुखवट्याच्या काळ्यात गेला. शनिवारपर्यंत आमच्या बाजारात काळं म्हणून काही उरलंच नाही. शर्ट नाही, झगा नाही, मोजेसुद्धा नाहीत. टीव्ही तर तुम्हाला आठवतोच, सगळा काळापांढरा. भाजीवाली म्हणत होती, माझ्या डोळ्यांचाच रंग गेला की काय!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी समली मावशीची लाँड्री आहे. तिने नूडलवाल्याची दोन मोठी पातेली उचलून आणली, शेगड्या रस्त्यावरच मांडल्या आणि पुठ्ठ्यावर लिहून टाकलं, 'कपडे काळे करून मिळतील. फुकट.' आणि लगेच मला हाक. "जुम! चार वर्षं कापड रंगवायचं शिकतेयस ना? ये इकडे, दांडा फिरव. बघू तरी तुझ्या बाबाचे पैसे कुठे गेले."

मग काय, रोज कॉलेज सुटलं की मी पातेल्यावर. रंग, मीठ, उकळतं पाणी. डोळ्यांत वाफ, नखं काळी, भाताला हात लावला तरी रंगाचा वास. लोक रांगेत उभे. हातात लाल, निळं, फुलाफुलांचं, कुणाचा लग्नातला शर्ट. सगळं आत जायचं पातेल्यात आणि बाहेर एकसारखं यायचं. फक्त शिवणी तेवढ्या रंगीत राहायच्या. सुती कापड काळं होतं, पॉलिएस्टरचा दोरा होत नाही. हे तुम्हाला काय सांगायचं, सरांनी आपल्याला दोनदा परीक्षेत विचारलंय. पण गल्लीतल्यांना भारी मजा वाटायची. काळ्या शर्टावर पिवळे टाके, लाल टाके, जसा काही आतला शर्ट अजून जिवंतच आहे.

आता बाबांचं सांगते.

बाबा आमच्या धक्क्यावर कामाला आहेत, माहितीय ना तुम्हाला. बोट आली की दोरखंड खुंट्याला अडकवायचा, माणसं उतरवायची, चढवायची, शिट्टी मारायची. दिवसभर तेच. आणि अंगात हिरवा शर्ट. कच्च्या आंब्यासारखा हिरवा, पार विटलेला. रोज रात्री धुणार, सकाळी तोच. बारा वर्षं.

आईने घेतला होता तो. मी नऊ वर्षांची होते. दक्षिणेला समुद्रावर हॉटेलच्या लाँड्रीत तीन महिन्यांचं काम मिळालं म्हणून ती निघाली. त्याआधी ती समली मावशीकडेच होती. आमच्याच धक्क्यावरून बोटीत बसली आणि बाबांना म्हणाली, "मी येईन तेव्हा हाच घालून उभा राहा. गर्दीत तू काय मला दिसणार नाहीस, रंग दिसेल." तिची नजर फार अधू होती. दहा पावलांवर हत्ती उभा असला तरी तिला नुसता करडा ढीग दिसायचा.

डिसेंबरात त्सुनामीची लाट आली. पुढचं तुम्हाला माहितीय.

ती सापडलीच नाही. सरकारी माणसं घरी आली होती, मुलीचे केस द्या म्हणाली, सापडलेल्यांशी जुळवून बघता येईल. बाबांनी मला मागच्या खोलीत कोंडलं आणि त्यांना सांगितलं, मुलगी गावी गेलीय. केस दिले म्हणजे ती मेली असं म्हटल्यासारखं होतं ना. म्हणून आमच्याकडे तिच्यासाठी कधी भिक्षू बोलावले नाहीत, कुणी काळं घातलं नाही. नुसता तो हिरवा शर्ट.

आणि आता सगळं शहर काळं, आणि धक्क्यावर मधोमध हा एक हिरवा माणूस.

पहिले दोन दिवस लोक नुसते बघायचे. मग बोलायला लागले. नूडलवाला म्हणायचा, "काय विरात, पोपट झालायस होय रे?" एका बाईने बोटीतून फोटो काढला आणि टाकला फेसबुकवर. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं, बाबांना दाखवलं नाही. पण धक्क्यावरच्या साहेबांनी दाखवलंच. वर म्हणाले, मंगळवारपासून काळ्यात यायचं, नाहीतर यायचंच नाही.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, एक काळा टी-शर्ट घालायचा, एवढंच तर आहे."

"घालेन की. वरून हा घालेन."

"बाबा!"

"जुम, तूच सांग. सगळे काळे, त्यात मीही काळा झालो, तर ती मला ओळखणार कशी?"

मासा पानात तसाच राहिला. मला राग आला होता आणि रडू पण येत होतं. कारण खरं सांगू, मलाही तेच विचारायचं होतं. मी तर तेव्हा एवढीशी होते. मला ती कशी ओळखणार?

आता दोऱ्याचं. लक्ष द्या हं.

लाँड्रीत कपडा आला की कॉलरच्या मागे आतून खूण घालतात. आता सगळीकडे शाईने लिहितात, पण तेव्हा समली मावशीकडे आई ती दोऱ्याने घालायची. घराची खूण वेगळी आणि दोऱ्याचा रंग वाराचा. सोमवारी पोचवायचा तर पिवळा, मंगळवारी गुलाबी, गुरुवारी केशरी, आपले वारांचे रंग असतात तसेच. आमच्या घराची खूण म्हणजे तीन टाके आणि एक फुली. कपडा हातात देताना आई तो दोरा दातांनी तोडायची. दोरा गेला म्हणजे कपडा पोचला. बाबा तर घाईत शर्ट अंगात चढवून मोकळे व्हायचे, मग ती टाचा उंचावायची, बाबा मान खाली घालायचे आणि ती मानेमागचा दोरा दातांनी कट्‌ करून तोडायची. माझ्याकडे आईचं फार काही नाहीये, पण हे आहे. तो आवाज आहे.

तर झालं असं की तिसऱ्या दिवशी मी माझा टी-शर्ट पातेल्यात टाकला. ऑगस्टमधल्या सहलीचा, आपण सगळ्यांनी घेतलेला, तोच. बाहेर काढला, पिळला, दोरीवर टाकायला झटकला, तर कॉलरमागे गुलाबी काहीतरी.

तीन टाके आणि एक फुली.

मला वाटलं मावशीनेच घातली, कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. मी म्हटलं, "मावशी, बरी आठवली तुला आमची खूण."

ती इस्त्री करत होती. तिने कॉलर उजेडात धरली, चष्मा वर केला. खूप वेळ बघितलं. मग इस्त्री उभी केली.

"मी नाही घातली."

"मग कोणी?"

"माझी फुली इकडे झुकते. ही तिकडे झुकलीय. डावऱ्या हाताची आहे." तिने टी-शर्ट माझ्या हातात कोंबला. "घरी घेऊन जा. इथे नको ठेवूस."

आई डावरी होती.

मी घरी नेला. पिन घेऊन एकेक टाका उसवला. दोरा नीट पाहिला, साधा पॉलिएस्टरचा, कुठेही मिळतो तसा. म्हटलं, कुणाचातरी उसवलेला दोरा पातेल्यात तरंगत असेल, अडकला असेल. अडकलेला दोरा फुली घालत नाही हे मलाही कळतं. पण म्हटलं, असेल. रंग कुठे कुठे फिका आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो टी-शर्ट परत पातेल्यात टाकला. या वेळी एकटाच, नव्या पाण्यात.

परत गुलाबी. तीन टाके, एक फुली.

या वेळी मी उसवला नाही. घडी करून उशीखाली ठेवला.

आणि सोमवारी मी ते केलं. बाबा दुपारी घरी जेवून पडले होते, शर्ट दोरीवर होता. मी तो काढला आणि सरळ पातेल्यावर नेला. टाकायच्या आधी कॉलर उलटसुलट करून पाहिली, अगदी शिवण ताणून पाहिली. काही नव्हतं. मावशी म्हणाली, "विचारलंस का त्याला?" मी दांडा उचलला. टाकला.

हिरवा रंग लगेच जात नाही. आधी तो तपकिरी होतो, मग शेवाळासारखा, आणि शेवटपर्यंत कुठेतरी खाली हिरवं दिसत राहतं. मी दांडा फिरवत होते आणि मला वाटत होतं मी कुणालातरी पाण्याखाली दाबून धरलंय.

बाहेर काढला तो काळा होता. कॉलर मी बघितलीच नाही. बाबा समोर उभे होते, बनियनवर.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. त्यांनी शर्ट घेतला, ओलाच, हातातून काळं पाणी गळतंय. उलगडला. कॉलर वर आली, मागे गुलाबी टाके.

बघत राहिले.

"मंगळवार," म्हणाले. "उद्याच आहे."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला आलेच नाही. आठवतंय ना, तुम्ही मेसेज करत होतात? मी कॉलेजच्याच कपड्यांत धक्क्यासमोर नूडलवाल्याच्या बाकावर बसले होते. दुपारचे चार वाजले होते. आभाळ भरलेलं, नदी मातकट, पाणी धक्क्याला लागलेलं. बोटी नुसत्या काळ्या येत होत्या, महालाकडे जाऊन आलेली माणसं, हातात महाराजांचा फोटो, कुणाकडे फुलं. बोलत कुणीच नव्हतं. बाबा दोरखंड अडकवत होते, सोडवत होते. काळ्या शर्टात मला ते दोनदा सापडलेच नाहीत.

मग ती बोट आली.

माणसं उतरायला लागली. शंभरेक असतील. आणि धक्क्याच्या मधोमध ती सगळी थोडी थोडी बाजूला होत होती. डावीकडची डावीकडून, उजवीकडची उजवीकडून. मध्ये कुणी उभं असलं की आपण कसे न बघताच वळसा घालतो, तसं.

मध्ये कुणी नव्हतं.

एका माणसाने तर मान लववून जागा दिली.

बाबांच्या हातातला दोरखंड सुटला. ते त्या मोकळ्या जागेसमोर उभे होते. हात खाली.

मग त्यांनी मान वाकवली. हळूच. पुढे आणि थोडी डावीकडे, बुटक्या माणसाचा हात पोचावा म्हणून वाकवतात तशी.

मी उठले.

आणि त्या सगळ्या इंजिनाच्या आवाजात, रस्त्याच्या पलीकडून, मी तो ऐकला.

कट्‌.

बोट गेली. कुणी शिट्टी मारली नव्हती.

संध्याकाळी बाबा घरी आले, हात धुतले, दोन वेळा भात घेतला. शर्ट मी धुवायला घेतला. कॉलरमागे दोरा नव्हता, नुसती सुईची भोकं. आणि तिथे कापड ओलं होतं, नाण्याएवढं. वाळल्यावर त्याच्याभोवती पांढरी कड आली. मी जिभेला लावून पाहिली. खारट. आता मीठ तर आपण रंगातही घालतो, हे मलाही माहितीय. मी स्वतःच घातलं होतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुझ्याकडे पण होता ना गुलाबी?"

"हो."

"मग घालून धक्क्यावर का नाही आलीस गं? कुठे कुठे बघत होती ती."

बाबा आता बरे आहेत. रोज काळं घालतात. रविवारी देवळात जाऊन भिक्षूंना सांगून आले, आईच्या नावाने अन्नदान करायचंय म्हणून. बारा वर्षांत पहिल्यांदा. मावशी रडली. मी पण रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. सगळ्यांना वाटलं आईसाठी रडतेय. मी त्या उशीखालच्या टी-शर्टासाठी रडत होते. एवढी साधी गोष्ट होती. घालायचा होता फक्त.

तेव्हापासून मी रोज कॉलर बघते. गुलाबीच होता तो, मंगळवार उलटून गेला तरी गुलाबीच. मी म्हटलं, संपलं, आपला वार गेला.

आज सकाळी घातला तो टी-शर्ट. हाच, अंगातला. घालताना पाहिलं.

केशरी आहे. गुरुवारचा.

आज बुधवार ना? नाम्वान, अगं हसत नाहीयेस तू. जरा मागे ये, माझे केस बाजूला कर आणि हात लाव कॉलरला. नाही, आतून.

मला एकटीलाच लागतंय का ते ओलं?