बाबूसाठी पेरूची फांदी

"अहो... जरा थांबवता का ते?"

मनस्वीने बटण दाबलं. घरघरणारा लेथ हळूहळू मंदावत थांबला आणि त्यावरचं अर्धं कातलेलं लाटणं पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. तसाच दारातला माणूसही. खांद्यावर मोजणीचं तिपाई यंत्र, गुडघ्यापर्यंत जांभ्याची लाल धूळ, कपाळावर घाम. शेजारच्या कलमांच्या बागेत सकाळपासून जमिनीची मोजणी चालली होती, हे तिला ठाऊक होतं.

"पाणी हवंय?" तिने विचारलं.

"नको. म्हणजे... चालेल. पण मला दुसरंच विचारायचं होतं." तो थोडा घुटमळला. "तुम्ही पोपटासाठी काही बनवता का?"

मनस्वीने भुरभुरता भुसा कपाळावरून पुसला. "लग्नासाठी पाट बनवते, बारशासाठी पाळण्याचे दांडे. तुमच्या पोपटाचं काय आहे, लग्न की बारसं?"

तो हसला नाही. लाजला. आणि माणूस लाजला की कानाच्या पाळ्या इतक्या लाल होतात, हे मनस्वीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मनू, कोण आलाय गो?" पडवीतून बाबांचा आवाज आला.

"मोजणीवाले आहेत बाबा. त्यांना पोपटाला बसायला जागा हवीय."

"हिरवा असला तर हात लावू नको हां. नायतर वनखातं दारात यायचं."

"हिरवा नाही काका, राखाडी आहे," तो घाईने म्हणाला. "आफ्रिकेतला. नोंदणीचा कागद आहे माझ्याकडे."

त्याचं नाव विनीत. गाव हेदवी, नोकरी रत्नागिरीत, भाड्याची खोली खेडशीला. पोपट खरं म्हणजे त्याच्या बहिणीचा, पद्मजाताईचा. मे महिन्यात ताई आणि भावोजी मस्कतला गेले आणि बाबू नावाचा हा आठ वर्षांचा पोपट धाकट्या भावाकडे आला. ताई होती तेव्हा दिवसभर बडबडायचा. आता पाच महिने झाले, एक शब्द नाही. वर छातीची पिसं स्वतःच उपटायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, पिंजऱ्यात कुढतोय. त्याला बाहेर बसायला, चढायला, कुरतडायला स्टँड करून द्या.

"ऑनलाइन एक मागवला होता," विनीत म्हणाला. "लोखंडी. बाबूने बघितला आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. दोन दिवस तसाच."

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने काढलेला स्टँड होता, चारही बाजूंनी मापं लिहिलेला. दांडी अठ्ठावीस मिलिमीटर.

"पोपटाची मोजणी केलीत की काय?"

"पंजाची केली," तो गंभीरपणे म्हणाला. "दोनदा."

आता हसू आवरणं मनस्वीला कठीण गेलं.

हा लेथ तिच्या बाबांचा, हरिश्चंद्र पांचाळांचा. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तेव्हा आलेल्या ऑर्डरी तेवढ्या पुऱ्या करू, असं म्हणून मनस्वी लेथवर उभी राहिली, ती उभीच राहिली. गावच्या, म्हणजे पालीच्या बाजारात आता तिचं लाटणं लोक गालावर फिरवून बघत. इतकं गुळगुळीत!

बाबूची दांडीही तिने तशीच केली. उरलेल्या सागाची, तीन नंबरांच्या पॉलिश पेपरने घासलेली. मधेच विनीतचा मेसेज आला, "काम कुठवर आलंय?" तिने लेथवर फिरणाऱ्या दांडीचा छोटा व्हिडिओ काढला आणि शेवटी लेथ थांबवून म्हणाली, "बघा, कशी झाली!" पाठवलाही. पाठवल्यावर वाटलं, गिऱ्हाइकाला इतकं उत्साहाने कोणी बोलतं का...

स्टँड घेऊन तो गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. स्टँडसकट.

"आवडला नाही?" मनस्वीने लेथ बंद केला.

"मला आवडला. फार." तो शब्द शोधत होता. "बाबू... घसरला. दोनदा. दुसऱ्यांदा छातीवर पडला. डॉक्टरांकडे नेला तर त्यांनी पंजे उलटे करून दाखवले. तळव्यांना फोड आलेत. पिंजऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या दांड्यांनी. गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीचं त्याला चालतच नाही म्हणाले. झाडाची खरी फांदी पाहिजे. कुठे जाड, कुठे बारीक, सालीसकट."

मनस्वीने त्याच्या हातातून स्टँड घेतला. सागाची ती दांडी उन्हात चमकत होती. तिला राग आला, पण कोणाचा ते कळेना.

"म्हणजे मी लावलेला पॉलिश पेपर नडला."

"आणि माझे अठ्ठावीस मिलिमीटर," विनीत म्हणाला. "माप मी दिलं होतं. तुम्ही तर दिल्याप्रमाणे केलंत."

त्याने चूक अशी अर्धी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"चला," ती म्हणाली. "परसात पेरू आहे."

परसातल्या जुन्या पेरूखाली दोघं मान वर करून उभे राहिले. ही फांदी सरळ, ती किडकी, त्या फांदीला बेचकं चांगलं पण मुंग्या... शेवटी मनस्वीनेच एक शोधली. मनगटाएवढी जाड, टोकाला करंगळीएवढी, मध्येच वाकडी झालेली आणि तीन बेचकी फुटलेली. विनीत शिडी धरून खाली उभा राहिला, ती कोयती घेऊन वर चढली.

"सांभाळून हां."

"लहानपणापासून चढतेय."

"तुम्ही नाही हो... कोयती सांभाळून. मी खाली आहे."

फांदी धुतली, उकळतं पाणी ओतलं आणि पडवीच्या आढ्याला सावलीत टांगली. महिनाभर तरी वाळायला हवी, बाबा म्हणाले. महिनाभर! विनीतने तोंड पाडलं, पण ते तोंड काही फार पडलेलं दिसेना.

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला. कधी हातखंब्याला काम होतं म्हणून, कधी तेही नसताना.

"वाळली का फांदी?"

"परवा संध्याकाळी तर बघून गेलात."

"परवा ढग होते. नीट दिसली नाही."

"मग आज नीट बघा."

आणि तो बघायचा. फांदीकडे कमी, तिच्याकडे जास्त, आणि ती वळली की झटकन आढ्याकडे. बाबूच्या पंजांना कुठलं मलम लावलंय, आज तो हातातून शेंगदाणा घेऊन कसा गेला, किती पिसं नवी फुटली, सगळं सांगायचा. मनस्वी ऐकता ऐकता नारळाच्या करवंटीला भोकं पाडून खेळणी करायची. खालचा पाया फणसाचा केला, पिवळाधमक, त्यावर कातीव खांब. हा खांब मात्र गुळगुळीत चालणार होता. तिने तो जीव ओतून केला.

याच दिवसांत डोंबिवलीचं स्थळ आलं.

मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती. रविवारी पाहुणे येणार होते. पण बाबा फोनवर बोलत असताना मनस्वी दाराआड उभी होती आणि तिने ऐकलं, "नाय, नाय, कामाला कुठे जात नाय. घरातच असते. घरकाम सगळं येतं."

ती लेथकडे गेली आणि कापडाने तो पुसत बसली. बाबांनी तिचा कमीपणा म्हणून झाकलं ते नेमकं तिला स्वतःबद्दल सगळ्यात जास्त आवडणारं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या रविवारी फांदी, खांब आणि पाया गोणपाटात बांधून मनस्वी सकाळच्या एसटीने खेडशीला उतरली. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, आंब्याला मोहोर आला होता. विनीत थांब्यावर उभा होता. घरमालकीण हौसाकाकू ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "ये गो बाय," म्हणाल्या. "तूच काय ती? या घरात तुझंच कौतुक चालतं."

विनीतचे कान लाल झाले.

बाबू पिंजऱ्यात होता. राखाडी अंग, लाल शेपूट, पिवळ्या बुबुळांची शहाणी नजर. मनस्वी खाली बसून जोडायला लागली. खिळा नाही, गोंद नाही, पॉलिश नाही. भोकात खुंटी घालायची आणि ठोकायची. खाली मोठी परात ठेवली. विनीत फांदी धरून उभा.

"पुढच्या रविवारी डोंबिवलीचे पाहुणे येतायत," तिने खुंटीकडे बघत सांगितलं. "मला बघायला."

तो फांदी धरूनच म्हणाला, "बरं."

बरं! मनस्वीने खुंटीवर इतक्या जोरात हातोडी मारली की हौसाकाकूंनी आत डोकावून पाहिलं.

"झालं. बसवा तुमच्या बाबूला."

विनीतने पिंजऱ्याचं दार उघडलं, हात पुढे केला. बाबू मनगटावर आला, मान वाकडी करून फांदीकडे पाहिलं. एक पंजा टेकवला. काढला. पुन्हा टेकवला... आणि मग चोचीने साल धरून, अंग झोकून, चढला. घसरला नाही. वाकड्या भागावर जाऊन बसला, सालीची एक पट्टी टर्रकन सोलली, खाली टाकली, ती परातीत पडताना वाकून पाहिली. मग पिसं फुलवली.

दोघांनीही श्वास रोखला होता.

आणि तेवढ्यात खोलीत आवाज आला. घर्रर्र... आधी हळू, मग चढत जाणारा, मग मंदावत थांबणारा. मनस्वीने चमकून मागे पाहिलं. तिच्या लेथचा आवाज! आणि त्याच्यामागोमाग, तिच्याच सुरात, तिच्याच उत्साहात,

"बघा, कशी झाली!"

बाबू पुन्हा साल सोलायला लागला.

"हे..." मनस्वी बाबूकडे वळली. "हे याने कुठे ऐकलं?"

"तुम्ही व्हिडिओ पाठवला होता ना," विनीत भिंतीकडे बघत म्हणाला. "तो मी... दोन-चार वेळा पाहिला."

"दोन-चार वेळा?"

"रोज."

"रोज दोन-चार वेळा?"

"मोजल्या नाहीत," तो म्हणाला. मग मात्र त्याने वर पाहिलं, थेट तिच्याकडे. "आठ महिन्यांत तो पहिल्यांदा बोलला, मनस्वी. मला खूप आनंद व्हायला हवा. पण मघापासून डोक्यात नुसतं डोंबिवली, डोंबिवली चाललंय. मी 'बरं' म्हणालो ते खोटं होतं. मला अजिबात बरं वाटलेलं नाही."

मनस्वीने हातोडी खाली ठेवली.

"त्यांना लेथचं सांगितलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "लपवलंय."

"का?"

त्या एका शब्दात इतकं खरं आश्चर्य होतं, की तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाला लपवावंसं नाही वाटत?"

"मी तर ऑफिसात सगळ्यांना व्हिडिओ दाखवलाय," विनीत म्हणाला आणि लगेच घाबरला. "म्हणजे... तुम्हाला न विचारता. चुकलंच ते."

ती रडता रडता हसली. "चुकलं. पण चालेल."

दुपारच्या एसटीने ती घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, डोंबिवलीला नाही म्हणून कळवा. मला विनीत आवडतात. त्यांना मी आवडते. लेथसकट."

हरिश्चंद्रांनी आपल्या अधू हाताकडे पाहिलं. "मी लपवलं ते तुला लागलं, होय ना? मला वाटायचं, माझ्या या हातापायी तू या धुळीत अडकलीस. निदान पुढच्या घरी तरी सुटशील..."

"अडकले नाही बाबा. मला आवडतं हे. तुम्हाला आवडायचं तसंच."

बाबांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग उजव्या हाताने फोन जवळ ओढला आणि डोंबिवलीचा नंबर स्वतः लावला.

शनिवारी विनीत आला. ना फांदीची सबब, ना मोजणीची. इस्त्रीचा शर्ट घालून तो पडवीत बाबांसमोर बसला आणि चहा थंड होईपर्यंत कपबशी नुसती हातात धरून राहिला.

"घरी बोललास का?" बाबांनी विचारलं.

"आत्ता बोलतो. तुमच्यासमोर." त्याने हेदवीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी कोंबड्यांचा गलका, मग त्याच्या आईचा आवाज आला. विनीतने सगळं एका दमात सांगून टाकलं. पाली, पांचाळ, मनस्वी.

"बरं बरं, श्वास घे," आई म्हणाली. "मुलगी करते काय?"

दारात उभ्या मनस्वीने चौकट घट्ट धरली. बाबांनी मान खाली घातली.

"लाकूड कातते, आई," विनीत म्हणाला. "लेथवर. वडिलांचा धंदा तीच चालवते."

क्षणभर फक्त कोंबड्या.

"म्हणजे पोळपाट करील का रे?" आई म्हणाली. "आपला मेला किती वर्षं डुगडुगतोय. पोळी लाटायला घेतली की नाचतो नुसता. तुझ्या बाबांना सांगून सांगून दमले मी!"

बाबा आधी हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. दोन वर्षांत पहिल्यांदाच. विनीतने फोन मनस्वीपुढे धरला. त्याचा हातही हसण्याने हलत होता.

तिने पदराला... नव्हता पदर, ओढणीला हात पुसले, कानामागे केस सारले आणि फोन घेतला.

"काकू, मी मनस्वी बोलतेय," ती म्हणाली. "पोळपाट केवढा हवाय?"