हात दाखवा

कळंबला हायवेच्या कडेला आमची बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट. आमचे हे गेले, त्याला दिवाळीत वर्ष होईल. तेव्हापासून भट्टी मी बघते आणि मिक्सर आमची समृद्धी. पोरीचं निम्मं लक्ष फोनात, म्हणून माझा जीव सारखा टांगणीला.

ह्यांची शिस्त लई कडक. मिक्सरच्या ड्रमला तारेची घासणी लावायची नाही, तार तुटून पावात जाते. धुतल्यावर ड्रम कोरडा पुसायचा, पीठ मळणाऱ्या आकड्याला तेलाचा हात फिरवायचा. आणि धुवायच्या आधी भिंतीवरचा मेन खटका खाली. धुऊन झालं की हे खटक्यापाशी उभे राहून म्हणायचे, "हात दाखवा." सगळ्यांनी दोन्ही हात वर केल्याशिवाय खटका वर जायचा नाही. जुन्या मालकाकडे कामाला असताना ह्यांची स्वतःची दोन बोटं मिक्सरात गेली होती. मी चिडवायचे, "अहो, शाळा हाय का ही?"

हे गेल्यावर धुताना खटका पाडायचं कधीकधी राहून जायचं. पावसाळ्यात तो आपोआप पडायला लागला. मी ड्रममध्ये हात घातला की खट. भुताखेताचं ऐकून घेणारी बाई मी नाही. सरळ गोरक्ष वायरमनला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं.

"वहिनी, फॉल्ट कायच न्हाई. तरी नवा बसवून देतो."

नवाही पडायचा. पीठ मळताना कधीच नाही, फक्त धुताना.

मागच्या आठवड्यात एका सकाळी मी भट्टीतून ट्रे काढले आणि वळले. समृद्धी मिक्सरच्या मागे वाकलेली होती, मला दिसलीच नाही. तिने मैदा टाकला असेल असं समजून मी जाता जाता हिरवं बटण दाबलं.

मिक्सर फिरला नाही.

"मम्मी!"

तिचा हात कोपरापर्यंत ड्रममध्ये होता. आकड्याला वाळलेलं पीठ खरवडत होती.

"खटका पाडला व्हतास ना गं?"

"न्हाई. इसरले."

मीही पाडला नव्हता. भिंतीवर पाहिलं, तर खटका खाली.

पोरीला पोटाशी धरून मी ढसाढसा रडले. तिची दहाही बोटं पुन्हा पुन्हा चाचपली.

मग खटका वर करायला गेले. हलेना. दोघींनी जोर लावला, तरी हलेना. वरून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखा.

समृद्धी हळूच म्हणाली, "मम्मी, आपण हात न्हाई दाखवले."

आम्ही मागे सरकलो आणि हात वर केले. पिठाने माखलेले चार हात.

खटका वर गेला.

आता रोज दाखवतो. काल समृद्धीने एकच हात वर केला, दुसऱ्यात फोन होता. खटका अर्ध्यावर येऊन थांबला.

"ठेव गं तो फोन," मी म्हणाले. "पप्पा थांबलेत."