रिकाम्या गाडीचं वजन

शहादेव गुरुजींची जीप सुरू करण्याची एक ठरलेली रीत होती. आधी बॉनेट उघडून पाणी बघायचं, मग पट्टी काढून ऑईल, मग डिझेलच्या हातपंपाचे दहा दाब आणि शेवटी मागं बसलेल्या पोरांना प्रश्न : "डिझेलच्या इंजिनात ठिणगी पडत नाही. मग ते पेटतं कशानं?" अकरा पोरं एका सुरात "दाबानं!" असं ओरडली की गुरुजी चावी फिरवायचे. इंजिन दोनदा खोकायचं, काळा धूर सोडायचं आणि लागायचं.

गाडी एकतीस वर्षांची. मीटर पाच आकडी होतं आणि तीनदा शून्यावर येऊन पुन्हा चालू लागलं होतं. "म्हणजे एकूण किती किलोमीटर?" हाही पोरांना ठरलेला प्रश्न. चौथीतल्या सूरजचं उत्तर नेहमी चुकायचं आणि गुरुजी ते नेहमी पुन्हा समजावून सांगायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशात लोकांनी घरावर मजला चढवला. गुरुजींनी ही जीप घेतली, कारण वडवणीकडच्या डोंगराला टेकलेल्या त्यांच्या वस्तीपासून दिंद्रुडची शाळा नऊ किलोमीटर होती आणि एसटी फक्त मोठ्या रस्त्यानं जायची, तीही तिच्या मर्जीनं.

वस्तीतली बहुतेक घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. पूर्वी पोरंही जायची. शाळेच्या हजेरीपटावर नाव असायचं आणि पोर सांगलीकडं कुठल्यातरी उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असायचं. गुरुजींनी सहा वर्षं घरोघर जाऊन एकच बोलणं लावून धरलं : लेकरं आजी-आजोबांपाशी ठेवा, शाळेत न्यायचं-आणायचं माझ्याकडं. ज्या दिवशी गाडी यायची नाही, त्या दिवशी घेऊन जा.

हा शब्द त्यांनी दिला होता, म्हणून गाडी बंद पडून चालणार नव्हतं. आणि यंदा ती उठता-बसता बंद पडत होती.

पहिल्यांदा मागचा डावा कमानपाटा तुटला. चाकावर गाडीचा भार तोलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या पहिल्या मालकापासूनच्या होत्या. तुटणारच, म्हणून गुरुजींनी माजलगावला जाऊन नव्या बसवल्या. पंधरा दिवसांत उजवा तुटला. तो बदलला तर क्लच प्लेट जळाली. क्लच झाला तर मागची टायरं कडेनं खाल्ली गेली. लिटरला अकरा किलोमीटर देणारी गाडी सातवर आली. गुरुजी दुरुस्तीची वही ठेवायचे, त्यात सुबक अक्षरात तारीख, मीटरचा आकडा आणि बदललेला भाग असायचा. यंदाच्या दोन महिन्यांची पानं आधीच्या दोन वर्षांएवढी भरली होती.

माजलगावचा मिस्त्री अंगद त्यांचाच विद्यार्थी. गाडीखालून बाहेर येत त्यानं हात पुसले.

"गुरुजी, रागावू नका. ऊस वाहता का काय गाडीतून?"

"काय बोलतो बे? अकरा लेकरं असतात. सगळ्यांत मोठी सातवीत."

"मग हे पाटे मला खोटं सांगायलेत का? ही गाडी रोज पंचवीस माणसं वाहायलीय. तुमीच शिकविलं, हिशोबाचं उत्तर पटलं न्हाई तर पुन्यांदा मांडायचा."

"मांडला. चारदा मांडला."

"मग पाचव्यांदा मांडा. न्हाईतर टाका भंगारात. लई झालं तिचं."

भंगाराचं नाव काढलं की गुरुजींच्या कपाळाची शीर उठायची. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही पोरावर आवाज चढवला नव्हता. आता मात्र ते नटबोल्टवर चिडायचे, पान्यावर चिडायचे, गाडीच्या दाराला लाथ मारायचे आणि मग कुणी पाहिलं नाही ना, म्हणून आजूबाजूला बघायचे.

त्यांनी शिस्तीनं शोध घ्यायचं ठरवलं. वस्तीपासून फाट्यापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये मजेत यायची. फाट्यावर मोठा रस्ता ओलांडायचा म्हणून क्षणभर थांबायची. तिथून पुढं बारीक चढालाही दुसरा गिअर लागायचा. तिथं थांबली की गाडी मागून खाली बसायची, पाण्यात म्हैस बसावी तशी. गुरुजींनी खाली उतरून टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा बोटांनी मोजली. वस्तीवर आठ बोटं भरली होती. फाट्यावर साडेतीन.

"काही टाकलं का रे गाडीत?"

"न्हाई गुरुजी," पोरं म्हणाली.

दुसरी एक गोष्ट त्यांना खटकत होती, पण ती गाडीची नव्हती म्हणून वहीत लिहिली नाही. मागं समोरासमोर दोन लांब बाकडी होती. पोरं ऐसपैस मावायची. पण फाटा गेला की आरशात दिसायचं, पोरं एकमेकांना चिकटून बसलीत आणि मधूनमधून बाकड्याची जागा मोकळी आहे. सूरज तर नातेवाईक पाहुणे आल्यावर पोरं बसतात तसा अर्ध्या कुल्ल्यावर टेकलेला.

"नीट पसरून बसा की रे!"

"जागा न्हाई गुरुजी," सूरज म्हणाला. बाकीच्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

दसऱ्यानंतर फाट्यावरूनच ऊसतोड टोळ्यांचे ट्रक भरले होते. त्या दिवशी गुरुजींनीच पोरांना निरोप द्यायला जीपमधून नेलं होतं. ट्रकपुढं नारळ फुटले, भांडीकुंडी वर गेली. मग सातवीतल्या शिवकन्याची आई जीपपाशी आली आणि म्हणाली, "पोरगी कुठं बसणार ते बघू द्या, गुरुजी." नवरा-बायको आत चढली, लेकीशेजारी बाकड्यावर टेकली, जागेवरून हात फिरवून उतरली. त्यांचं बघून दुसरं जोडपं चढलं. मग तिसरं. एकेक करून सगळेच आईबाप आपापल्या लेकराशेजारी घडीभर बसून गेले. गुरुजींना त्याचं फार कौतुक वाटलं होतं. वहीप्रमाणं पहिला पाटा त्यानंतर चौथ्या दिवशी तुटला होता.

गेल्या आठवड्यात गाडी तीन दिवस अंगदकडं पडून राहिली. शनिवारी शिवकन्याची आजी, सुभद्राबाई, गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसली.

"गुरुजी, तुमच्या तोंडावर बोलू ने, पर तीन दिस पोरगी घरी हाय. सातवीची पोर. मी मेली म्हातारी, रानात जाऊ का तिला राखू?"

"सोमवारी गाडी येतीय, आज्जी."

"आली तर आली. न्हाईतर मंगळवारी मुकादमाचा ट्रक चाललाय, त्यात तिला बसविते. तिकडं मायबाप हायेत. धाकली मंगल तर तिकडंच हाय. चार वर्साचं लेकरू दिसभर फडात एकलंच फिरतंय म्हनं, ही तिला सांभाळील तरी."

"अहो, मग तिची शाळा सुटली म्हणून समजा."

"मंग गाडी चालवा की!" सुभद्राबाई उठली. "ट्रक बरा. ट्रक कदी बंद पडत न्हाई."

आजीसोबत आलेली शिवकन्या दाराआडून ऐकत होती. ती खाली मान घालून आजीमागं चालू लागली, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं.

रविवारी गाडी घेऊन येताना त्यांना फाटा आणि दिंद्रुड यांच्यामध्ये वजनकाटा दिसला. एरवी तिथं उसाचे ट्रॅक्टर आणि कापसाच्या गाड्या वजनाला लागतात. गुरुजी स्वतःवरच वैतागले, हे आधी का सुचलं नाही! जीप काट्यावर घेतली आणि खाली उतरले. काटेवाला नाथा खिडकीतून हसला.

"काय गुरुजी, किलोवर इकायची का?"

"आकडा सांग."

"चौदाशे."

आरसी बुकातही तेवढंच होतं. गाडी निर्दोष होती. अंगदही खोटा नव्हता. गुरुजींनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली ओढलेली रेघ इतकी जोरात ओढली, की कागद फाटला.

सोमवारी सकाळी साडेनऊला गाडी फाट्यावर थांबली आणि मागं खाली बसली. पाठोपाठ डाव्या बाजूनं 'कट्ट' असा आवाज झाला. परवा बसवलेला पाटा होता तो.

गुरुजींनी दात आवळले. गाडी पहिल्या गिअरमध्ये रेटत, लंगडत, त्यांनी ती थेट वजनकाट्यावर आणून उभी केली.

"उतरा रे सगळे. काट्याच्या बाहेर, त्या लिंबाखाली उभे राहा."

अकरा पोरं उतरली. गुरुजींनी मोजली. मग स्वतः खाली उतरून खिडकीपाशी गेले.

"एकवीसशे पन्नास," नाथा म्हणाला.

"पुन्हा बघ."

"बघितलं. एकवीसशे पन्नास." नाथा बाहेर आला, गाडीभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं. बाकड्यांखाली एक पाण्याची बाटली होती. बाकी काही नाही. "कालच चौदाशे होती की हो. रातीतून साडेसातशे किलो कावून वाढली?"

रिकामी जीप मागं दबून उभी होती. टायर मडगार्डला टेकायला आलं होतं. कडक ऊन पडलं होतं, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला, आणि दिंद्रुडच्या शाळेची घंटा व्हायला पंधरा मिनिटं उरली होती. दोन महिन्यांचं सगळं गुरुजींच्या डोक्यात चढलं : तुटलेले पाटे, जळालेला क्लच, सुभद्राबाईचा ट्रक. त्यांनी जीपच्या मागच्या फळीवर दणकन हात मारला.

"उतरा!" ते ओरडले. "सगळे खाली उतरा! गाडी मोडली तर तुमचीच लेकरं घरी बसतील!"

आपण 'तुमचीच' का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही.

पाटा कुरकुरला. गाडी मागून बोटभर वर आली.

नाथा खिडकीकडं धावला. "दोन हजार पंचेचाळीस," तो आतून म्हणाला.

गाडी पुन्हा थोडी उचलली.

"एकोणीसशे पंचेचाळीस."

"अठराशे पस्तीस."

लिंबाखालच्या पोरांच्या नजरा जीपच्या मागच्या पायरीवरून निघायच्या, काट्यावरून हळूहळू पलीकडं जायच्या आणि परत पायरीवर यायच्या.

"सतराशे तीस." आकड्यावरची नजर काढून नाथा गुरुजींकडं बघू लागला. तो स्वतः बारा वर्षं ऊस तोडून आलेला. "गुरुजी, हे एकेक माणूस उतरंना. शंभर-शंभरानं कमी व्हायलंय. हे कोयतं हायेत."

टोळीत कोयता म्हणजे एक जोडी. नवरा आणि बायको.

सोळाशे पस्तीस.

पंधराशे वीस.

चौदाशे पंधरा.

सात झाले. गुरुजींची पोरं सात घरांची होती. हिशोब त्यांनी केला नाही, तो आपोआप झाला.

मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"थांबला," नाथा म्हणाला. "चौदाशे पंधरावर थांबला. पंधरा किलो म्हंजी... डिझेल टाकलं असंल तुमी."

गुरुजींनी डिझेल टाकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा फळीवर हात ठेवला. या वेळी मारला नाही. "उतर," ते हळू म्हणाले. आकडा हलला नाही.

शिवकन्या त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"ती न्हाई उतरायची, गुरुजी."

"कोण?"

"मंगल. बाकीचे रोज येतेत अन् जातेत. ती आजच आलीय."

गुरुजींनी खिशातून मोबाईल काढला. शिवकन्याच्या बापाचा नंबर लावून तो कानाला धरला. शिवकन्या जीपच्या पायरीवर चढली, आत आपल्या जागी बसली आणि दप्तर मांडीवर घेऊन जरा बाजूला सरकली.

"आत्ता उचलायचे न्हाईत ते," ती म्हणाली. "तिकडं समदे उसात तिला हुडकायलेत."