शिवणीचं खोड आलं कुठून?

झाड पाडलं त्या दिवसापासून शेवंती सुनेत्राआत्याशी बोलत नव्हती.

मंगळावरच्या त्यांच्या वस्तीवर काचेचा भलामोठा घुमट होता आणि घुमटातली हवा सांभाळायचं काम आत्याकडे होतं. शेवंतीच्या अंगणातल्या शिवणीच्या झाडाची मुळं घुमटाच्या पायात शिरू लागली होती. पायाला भेग पडली असती, तर सगळ्यांची हवा निसटली असती. म्हणून आत्यानेच झाड पाडायला सांगितलं. गजा नावाच्या यंत्रमानवाने ते अगदी हलक्या हाताने, झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं तसं, आडवं केलं.

ते झाड शेवंतीच्या आजोबांनी लावलं होतं. आजोबा आता नव्हते. दुपारच्या गुलाबी उजेडात ती खोडावर पालथी पडून राही. खोड अजून ओलसर, गार होतं. कान लावला की आत कुणीतरी शांत निजलंय, असं वाटे.

"झाड आपल्या अंगणातलं. त्याचं काय करायचं ते आपणच ठरवायचंय," बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"होळी करू या," शेवंती म्हणाली. "खरी. आजोबा सांगायचे तशी."

वस्तीत जन्मलेल्या एकाही मुलाने विस्तव पाहिला नव्हता. बाबांनी शेजारी उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं. आत्या लगेच नाही म्हणाली नाही.

"आधी एक कोडं सोडव. तुझ्या आजोबांनी झाड लावलं, तेव्हा माती तोलून खड्ड्यात भरली होती. काल गजाने मुळं झटकून तीच माती पुन्हा तोलली. जवळजवळ तेवढीच भरली. आणि हे खोड तर गजालाही एकट्याने उचलवत नाही. मग हे आलं कुठून?"

शेवंती रागात होती, पण कोडं एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

"पाण्यातून?" ती अखेर बोलली.

"काही भाग पाण्यातून. पण नुसत्या पाण्याचं लाकूड कसं होईल? चल, दाखवते."

प्रयोगशाळेत आत्याने लाकडाची एक वाळकी ढलपी जाड काचेच्या बंद भांड्यात ठेवली. कळ दाबली. आतली तार लाल झाली आणि ढलपीवर एक पिवळं पान उमललं. ते डुललं, लांबलं, थरथरलं. शेवंती श्वास घ्यायची विसरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती आग बघत होती.

थोड्या वेळाने काचेवर दंव साचलं. तळाशी चिमूटभर राख उरली. बाजूच्या पडद्यावरचा आकडा मात्र सरसर वर गेला होता.

"हा आकडा कार्बन डायऑक्साइडचा," आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्या उच्छ्वासातून (बाहेर सोडलेल्या श्वासातून) जो वायू जातो त्याचा. पानं तो हवेतून घेतात, त्यात मुळांनी आणलेलं पाणी मिसळतात आणि उजेडाच्या बळावर त्यांची साखर करतात. याला म्हणतात प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न तयार करणं). त्याच साखरेचं पुढे लाकूड होतं. मातीतून आलं होतं ते एवढंच, ही राख."

शेवंतीने काचेला नाक लावून राखेकडे पाहिलं.

"म्हणजे झाड हवेचं झालंय? आपण सोडलेल्या हवेचं?"

"हो."

"आजोबा तर रोज त्याच्याखाली झोपायचे." तिचा आवाज बारीक झाला. "त्यांचे श्वासही आहेत त्यात?"

"आहेत. माझेही आहेत. तुझेही."

शेवंतीने पडद्यावरच्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. "आणि सगळं खोड एका संध्याकाळी जाळलं, तर ते सगळे श्वास एकदम परत येतील."

"येतील, आणि जळताना लाकूड आपला प्राणवायूही खाईल. आपल्या एवढ्याशा घुमटाला ते पेलवायचं नाही. पृथ्वीचं आभाळ मोठं, तिथे लवकर कळत नाही. पण हिशेब तिथेही हाच."

"तुला झाड पाडताना वाईट वाटलं का गं, आत्या?"

"आजोबा माझे बाबा होते, शेवंते."

शेवंतीने आत्याचा हात धरला. परतताना दोघी तशाच हात धरून चालत आल्या.

रात्री जेवताना शेवंतीने आपला निर्णय सांगितला. खोड जाळायचं नाही. लाकूड लाकूड म्हणून जपलं, तोवर ते श्वास त्यातच राहतील; म्हणून त्याचा झोपाळा करायचा, सगळ्यांना बसता येईल असा लांबरुंद. फांद्या आणि पानं बारीक करून मातीत मिसळायची. तिथे बुरशी (कुजत्या लाकडावर जाळं विणणारे सूक्ष्म जीव) ती हळूहळू खाईल, थोडी थोडी हवा परत सोडेल आणि मातीही कसदार करेल.

"होळी नको?" बाबांनी विचारलं.

"मी पाहिली," ती म्हणाली. "एका पानाएवढी होती."

गजाने फळ्या कापल्या, बाबांनी त्या तासल्या. मंगळाची ओढ (गुरुत्वाकर्षण) कमी, त्यामुळे झोपाळा पृथ्वीवरच्यापेक्षा सावकाश जाई नि सावकाश परत येई. त्यावर बसलेली माणसं आपोआप हळू बोलू लागत.

मातीत बुरशीचे पांढरे धागे पसरले, तेव्हा शेवंतीने घुमटाच्या पायापासून दूर शिवणीचं एक नवं रोप लावलं. त्याला चारच पानं होती. शेजारच्या रुक्साना मावशी आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन झोपाळ्यावर बसल्या होत्या. बाळाने एकाएकी भोकाड पसरलं. काही केल्या थांबेना. मावशी ओशाळून उठू लागल्या.

"बसा हो मावशी," रोपाला पाणी घालता घालता शेवंती म्हणाली. "रडू दे त्याला. इकडे रोपाला जेवण पोचतंय."