नऊ साखळ्यांवरची चिंच

संघप्रियाला पहिली मुलगी झाली, ते साल २०२३. त्याच वर्षी डिसेंबरात ती आपल्या आजीला, मीनाबाईंना, हाताला धरून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका जिन्यानं वर घेऊन आली. खालच्या मजल्यावर क्लासची मुलं गलका करत होती. वर क्रांती माने यांची कचेरी. क्रांतीबाई खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. सोबतीला गणपतराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी चालवायची आणि शंका काढायच्या, ही त्यांची दोन कामं.

"आमचा दगड चोरीला गेलाय," संघप्रिया म्हणाली.

"सोन्याचा हाय काय?" गणपतरावांनी विचारलं.

"माझ्या आईचा हाय," मीनाबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी त्यांना खुर्ची पुढं केली.

मीनाबाईंची आई भागूबाई. ती कुरुंदवाडला वारली तेव्हा मीना पाच वर्षांची होती. नदीकाठच्या रानात तिला पुरलं. वडील जमीन मोजणीच्या गँगमध्ये साखळी ओढायचे. पुढं लेकीला घेऊन ते कोल्हापुरात आले, परत गेलेच नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हतं. जाताना त्यांनी लेकीसाठी एका कापडावर खुणा काढून ठेवल्या होत्या.

संघप्रियानं ते कापड टेबलावर पसरलं. खाली एक वाटोळी विहीर. तिथून सरळ वर गेलेले नऊ ठिपके. नवव्याशेजारी झाड. उजव्या अंगाला नदीची नागमोडी रेघ. सगळ्यात वर किरणं असलेला सूर्य.

"सूर्य झकास काढलाय," गणपतराव म्हणाले. "बालवाडीतल्यागत."

"शोभेसाठी असेल," संघप्रिया म्हणाली. "मी जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. विहीर त्यात आहे आणि जाग्यावरही आहे. एक ठिपका म्हणजे एक साखळी, तेहतीस फूट. नकाशात वर उत्तर असते. म्हणून विहिरीपासून उत्तरेला नऊ साखळ्या मोजल्या. तिथं बांध लागला. झाड नव्हतं, पण इतक्या वर्षांत कुठलं राहतंय?"

"आणि नदी?"

"पूर्वेला आहेच. पुढं वळून दक्षिणेकडनंही जाते. बरोबर जुळतंय सगळं."

गेल्या रविवारी तीस माणसं जमली. मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, वंदना म्हटली, भागूबाईंच्या नावाचा दगड बांधावर बसवला. गुरुवारी संघप्रियाचा भाऊ बघायला गेला, तर दगड नाही.

"शेतमालकानंच काढला असणार. जागेवर हक्क सांगतील म्हणून भ्यालाय. उद्या पोलिसांत देते."

"मला भांडण नको गं," मीनाबाई म्हणाल्या. "क्रांतीबाई, डॉक्टर म्हणतात माझं काळीज दमलंय. त्या दिवशी गर्दी होती. एकदा निवांत आईजवळ बसायचं हाय. तेवढं राहिलंय."

क्रांतीबाईंनी कापडाची घडी घातली. "पोलिसांत एक दिवस थांबून जा. उद्या सगळे कुरुंदवाडला जाऊ."

बांधावर पोचताच क्रांतीबाई खाली बसल्या. खड्डा भरून माती नीट चोपून बसवली होती. मेणबत्तीचा तुकडा नाही, फुलाची पाकळी नाही.

"चोर सफाई करून गेला की," गणपतराव म्हणाले.

"व्हय. तेच नवल आहे."

चारी बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा होता. मालक जिनेंद्र पाटील विहिरीजवळच्या घरातून तावातावानं आला.

"पावणं, मी दगड कशाला काढू? माझ्याच ट्रॅक्टरनं आणून दिला की ह्यांस्नी! गावात आता मलाच चोर म्हणायला लागलेत."

"उसात कुणी शिरलं होतं?"

"कशाला शिरतंय? तोड पंधरा दिवसांनी हाय. पाणीसुद्धा बंद केलंय."

"बांधावर दगड असला तर तुमची हरकत?"

"बांधावर न्हाय. रानात मधी बसवला असता तर मातूर बोललो असतो. खोटं कशाला सांगू?"

नंतर गडी अण्णासो आला. पन्नाशीचा, खाली बघून बोलणारा.

"दगडाचं मला काय ठावं न्हाय."

"हाताला काय झालं?"

दोन्ही हातांवर, गालावर बारीक ओरखडे होते. ताजे, लाल.

"मांजरानं," अण्णासो म्हणाला.

"मांजर म्हणायचं का वाघ?" गणपतराव म्हणाले. अण्णासो हसला नाही.

शेवटी क्रांतीबाई मीनाबाईंना आणि संघप्रियाला घेऊन घरात गेल्या. जिनेंद्रची आत्या अक्काताई पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची. लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. मीनाबाईंना बघताच ती सरकली आणि पलंगावरची जागा हातानं झाडून दिली.

"बस. दमली असशील."

"आत्या, दगड तुम्ही बघितलेला?" क्रांतीबाईंनी विचारलं.

"ह्या खोलीतनं बांध दिसत न्हाय. माझी खिडकी एकच, ती बी रानाकडं. आधी तिथनं चिंच दिसायची. रोज तिच्या मागनं दिवस उगवायचा. चार वर्सामागं महापुरात गेली." तिनं माळ ओढली. "भागू त्या चिंचा आणून बांधावर ठेवायची माझ्यासाठी. हातात द्यायची सोय नव्हती. ती लांब गेली की मी उचलायची."

 मग क्रांतीबाईंनी जिनेंद्रला आणि अण्णासोला आत बोलावलं.

"दगड चोरीला गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "चोर दगड उचलेल. वाळलेली फुलं आणि अर्ध्या मेणबत्त्या कशाला नेईल? आणि खड्डा बुजवून माती चोपत कशाला बसेल? ज्यानं नेलं, त्यानं मान राखून नेलं."

"पण कुठं?" संघप्रियानं विचारलं.

"अण्णासोच्या हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे आहेत. पाणी बंद, तोड सुरू नाही, मग उभ्या उसात जायचं कारण काय? दोन्ही हातांत जड ओझं असलं की पाती बाजूला सारता येत नाहीत. गाल असे चिरतात."

अण्णासोनं अक्काताईंकडं बघितलं.

"आता कापड बघा. छापील नकाशात वर उत्तर असते, हे शाळेत शिकवतात. मीनाबाईंचे वडील शाळेत गेले नव्हते. आपल्याकडं माणूस दिशा सांगायची झाली की उगवतीकडं तोंड करतो. त्यांनीही तसंच केलं. पुढं सूर्य, म्हणून कापडावर वर सूर्य. तो शोभेचा नाही, दिशेचा आहे. मग उजव्या हाताची नदी दक्षिणेची, आणि नऊ साखळ्या उत्तरेला नव्हे, पूर्वेला. तिथं झाड होतं. आत्यांनीच सांगितलं, चिंचेमागनं दिवस उगवायचा."

"अरे देवा," संघप्रिया हळूच म्हणाली. "तीस माणसांना मी चुकीच्या जागी उभं केलं."

"आत्या, तू?" जिनेंद्र म्हणाला.

अक्काताईनं माळ खाली ठेवली. "मीच सांगितलं अण्णासोला. भागूला ठेवलं तवा मी ह्याच खिडकीत हुते. अकरा वर्साची. बाहेर जायची बंदी. रविवारी अण्णासोनं सांगितलं, उत्तरंच्या बांधावर दगड बसवला, सगळी रडत्यात. एवढ्या माणसांस्नी कसं सांगू, बाबांनो, चुकीच्या जाग्यावर रडताय? आन् खरी जागा हाय तुझ्या उसात मधी. तू बसवू दिला असतास? म्हटलं, गुपचूप नेऊन ठेवावा. तोड झाली की दिसंल सगळ्यांस्नी."

"आणि मला चोर ठरवलंस व्हय गं?"

"व्हय. चुकलं माझं."

 जिनेंद्रनं कोपऱ्यातला कोयता उचलला. "चल अण्णासो. वाट पाडू. म्हाताऱ्या माणसाला पातीतनं कसं न्यायचं?"

तासाभरानं ते उसाच्या आत पोचले. एक सडका बुंधा, त्याला टेकून दगड. समोर अर्ध्या मेणबत्त्या ओळीनं लावलेल्या. अक्काताई जिनेंद्रच्या खांद्याला धरून आली होती. शहात्तर वर्षांत पहिल्यांदाच ती तिथं आली होती.

मीनाबाई दगडाजवळ बसल्या. बाकीचे मागं सरले. बऱ्याच वेळानं त्या वळल्या.

"अक्काताई, आई दिसायला कशी होती? मला तोंड आठवत न्हाय. विचारायला कुणी उरलंच नव्हतं."

"उंच. काळीसावळी. दात जरा पुढं, म्हणून हसताना तोंडावर पदर धरायची. पर हसायची लई. बांधावर चिंचा ठेवल्या की लांब जाऊन उभी राहायची, मी खाते का बघत. मी तोंड वाकडं केलं की हसायची."

"आणखी सांगा."

अक्काताई मीनाबाईंच्या शेजारी मातीत बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

गणपतराव क्रांतीबाईंच्या कानाशी लागले. "बाई, गाडी काढू का? उशीर होतोय."

"राहू दे काका. त्यांचं होऊ दे."

तोड झाल्यावर जिनेंद्रनं तेवढी जागा मोकळी सोडली. मीनाबाई महिन्यातनं एकदा तिथं येऊन बसत.

भागूबाई १९४७ च्या उन्हाळ्यात वारल्या. मीनाबाई २०२४ च्या सप्टेंबरात, बारा तारखेला, कोल्हापुरात राहत्या घरी वारल्या. अक्काताई त्याच वर्षी दिवाळीनंतर नवव्या दिवशी वारल्या.