सत्तरीतली राजकन्या

सोमवारी माझं सलून बंद असतं. त्या काळात मी सोमवारची दुपार आईबाबांकडे घालवायची, आणि महिन्यातून एकदा कात्र्यांची पिशवी सोबत न्यायची. आई आपल्या केसांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. खिडकीपाशी खुर्ची, गळ्याभोवती जुनी चादर, पायाखाली वर्तमानपत्र. बाबा दारातून डोकावायचे आणि म्हणायचे, "सरदार, आमचा नंबर कधी?" त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं. आई म्हणायची, "तुम्हाला फडक्याने पुसून देईल ती."

सरदार हे माझं नाव त्या खेळातलं.

मी शाळेत असताना बाबांनी घरी कॉम्प्युटर आणला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका ऑफिसने आपली जुनी मशिनं मोडीत काढली, तेव्हा तिथल्या मॅनेजरने त्यांना एक देऊन टाकलं. आधीच्या कुणीतरी त्यात एक खेळ ठेवला होता. पिवळट नकाशा, तटबंदीची शहरं, भालेवाले, घोडेस्वार. आम्ही तिघांनी मिळून एकच राज्य चालवायचं ठरवलं. बाबा राजा. घोडदळ माझ्याकडे, म्हणून मी सरदार. कर, कोठारं आणि रस्ते आईकडे. आणि शेवटी वाळूच्या घड्याळाचं चित्र दाबायचं कामही आईचंच. ते दाबलं की खेळातलं अर्धं वर्ष सरायचं. हिरवा नकाशा पांढरा व्हायचा, पुन्हा दाबलं की बर्फ वितळायचं.

त्या खेळाची एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. त्यातली माणसं म्हातारी व्हायची. प्रत्येकाचा चौकोनी फोटो असायचा, खाली वय. काळी दाढी करडी व्हायची, मग पांढरी. आमचा एक सेनापती होता, त्याला आम्ही मिशाळ म्हणायचो. नदीवरची लढाई त्याने एकट्याने जिंकून दिली होती. एका दुपारी आईने घड्याळ दाबलं आणि पडद्यावर कागदाची गुंडाळी उलगडली. विझलेल्या मेणबत्तीचं चित्र, मिशाळचा फोटो आणि दोन ओळी. बाबांनी मला त्या आपल्या भाषेत वाचून दाखवल्या, "वयोमानाने, शांतपणे गेले."

मी जेवले नाही. बाबांनी समजूत घातली, "अगं, लढाईत नाही गेला, म्हातारा होऊन गेला. याच्याहून चांगलं काय असतं?"  त्यानंतर आई घड्याळ दाबण्याआधी एकेका फोटोवर जाऊन सगळ्यांची वयं बघायला लागली. कुणी फार थकलेला दिसला, तर म्हणायची, "याला आता घरी बोलवा. याला तंबूत नको ठेवायला."

आईचं स्वतःचं पात्र म्हणजे राजाची धाकटी बहीण. खेळ तिला राजकन्या म्हणायचा आणि ती तह करायला देशोदेशी हिंडायची. "म्हणजे यात आपण बहीणभाऊ?" असं म्हणून आई पोट धरून हसली होती. मग परीक्षा आल्या, माझं लग्न झालं, कॉम्प्युटरवर कापडाची खोळ चढली. तेव्हा राजकन्येचे केस काळे होते.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी ती खोळ काढली. मशीन उघडून साफ केलं, दोन भाग बदलले, आणि तोच खेळ जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू झाला. दुपारी दोघं शेजारी शेजारी बसायची. मी फोन केला की बातम्या मिळायच्या. पूर्वेचं बंदर घेतलं. तुझ्या घोड्यांना नवीन तबेला बांधला. राजकन्येच्या बटा पांढऱ्या झाल्या. "सत्तरी गाठली तिने, तरी राजकन्याच म्हणतात मेले," आई सांगायची. "लाजच नाही."

मग आईला जिने चढवेनात. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. "हा हिवाळा निघेल असं धरून चालू नका," ते म्हणाले. मी दाखवायचं नाही असं ठरवून घरी आले. बाबा मशीनसमोर बसले होते. नकाशावर उन्हाळा होता. राजकन्या पार उत्तरेला, डोंगरांपलीकडे, एका परक्या शहराच्या पुलावर उभी होती.

"आई झोपलीय," मी म्हटलं. "तुम्ही एकटेच खेळताय?"

"खेळत नाही," बाबा म्हणाले. "नुसता बसलोय."

त्या दिवसापासून कुणी घड्याळ दाबलं नाही. बाबांनी मशीन बंदही केलं नाही. जुन्या लिफ्टच्या पॅनेलमधल्या दोन बॅटऱ्या आणून त्यांनी मागे जोडल्या, म्हणजे वीज गेली तरी चालू राहावं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जुनं यंत्र आहे. बंद केलं तर परत लागेल याची खात्री नाही." ते मला पटलं. त्यांनी आयुष्यभर जुनी यंत्रंच सांभाळली होती.

हिवाळा गेला. आई गेली नाही.

डॉक्टर खूश झाले. पुढच्या तपासणीला त्यांनी दोन कागद शेजारी धरले आणि हसून म्हणाले, "अगदी मागच्यासारखं. एकावरून दुसरा छापल्यासारखं." पेढे वाटावेत तसं सगळ्यांना हसू वाटत मी घरी आले.

आजारपणाच्या धावपळीत हिवाळाभर मी कात्री नेलीच नव्हती, म्हणून केसांचं माझ्या लक्षात आलं ते त्यानंतर. नेहमीप्रमाणे चादर गुंडाळली, कंगव्याने केस वर उचलले, आणि कात्री कुठे लावायची ते कळेना. मागच्या वेळी सोडलेली रेघ मानेवर तशीच होती, कालच कापल्यासारखी. आजारपणात केसांची वाढ मंदावते, हे मला ठाऊक आहे. थांबत नाही. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम कानाशी एक बट तिरकी कापून ठेवली. त्याच्या पुढच्या महिन्यात ती तितकीच तिरकी होती. मग मी तिची नखं बघितली. मनगटावर सलाईनच्या सुईचा डाग होता, हिरवट पिवळा, दोन दिवसांत जाईल असा. तो जवळजवळ वर्षभर तसाच होता.

"काय बघतेस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मलाही दिसतं गं," ती म्हणाली. "दुखत नाही काही. पण भूक लागत नाही आणि पोट भरतही नाही. झोपते, पण झोप झाली असं वाटत नाही. जिन्यात पाय उचलून तसंच उभं राहावं ना, तसं झालंय."

खुर्चीवरून तिला आतली खोली दिसत होती. पडद्याचा उजेड भिंतीवर पडला होता. नकाशावर तोच उन्हाळा.

"त्यांना सांग ना," ती हळूच म्हणाली. "माझं ऐकत नाहीत."

मी सांगितलं नाही. वेडेपणा वाटला. खरं तर, वेडेपणा नसला तर काय, याची भीती वाटली. शेवटी तिनेच सांगितलं. जेवणं झाली होती, मी ताटं उचलत होते. ती भिंतीला धरत धरत आतल्या खोलीत गेली आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"सरका," ती म्हणाली.

"आज नको."

"किती दिवस आज नको?"

"माझ्याच्याने होणार नाही ते," बाबा म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुम्हाला कोण सांगतंय? ते माझं काम आहे. पहिल्यापासून माझंच आहे."

बाबा बराच वेळ पुलावरच्या त्या छोट्याशा बाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती परक्या मुलखात आहे. आधी घरी येऊ दे. रस्ता लांबचा आहे, एका खेळीत नाही व्हायचा."

"येऊ दे," आई म्हणाली. "रोज एकदाच दाबू. मला घाई नाही. पण चालू तर दे तिला."

बाबांनी राजकन्येला पुलावरून दक्षिणेच्या वाटेला लावलं. आईने फोटोंवरून एकेकाची वयं बघितली, पूर्वीसारखी ओठ हलवत. मग घड्याळ दाबलं. नकाशा पांढरा झाला.

आठवड्याभरात मनगटावरचा डाग गेला.

मी सलून मदतनिसांवर सोपवलं आणि रोज दुपारी जायला लागले. त्या दुपारी मला अजून आठवतात, आणि इतक्या लख्ख आठवतात की कधीकधी वाटतं, लहानपणीच्याच आहेत. तीन खुर्च्या, तीन कप चहा, मध्ये बिस्किटांचा डबा. आईला भूक लागायला लागली. ती माझ्या ताटातलं उचलून खायची. घोडदळ मी राजकन्येच्या सोबतीला पाठवलं. "सरदार, नीट आण माझ्या बहिणीला," बाबा म्हणायचे. राजकन्या खिंड उतरली, जंगलातून आली, आम्ही जिंकलेल्या आणि विसरलेल्या गावांवरून आली. प्रत्येक गावाशी काहीतरी आठवण निघायची. नदी लागली तेव्हा आई म्हणाली, "इथेच ना तुझा मिशाळ जिंकला?"

आईचे केस वाढत होते. भराभर वाढत होते. मी आठवड्याला कापत होते. पायांवर सूज यायला लागली होती, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. पण तोंडावर एक प्रकारची घाई नसलेली खुशी होती. एकदा बाबांच्या हनुवटीवर मला कापसाचा बोळा चिकटवलेला दिसला.

"काय झालं?"

"दाढी करताना लागलं. हाताची सवय मोडली होती," ते म्हणाले. मी आईची उशी नीट करत होते. पुढे काही विचारलं नाही.

शेवटच्या दिवसांत आईला आकडे दिसेनासे झाले. "डोळे शिणतात," ती म्हणाली. "अहो, तुम्हीच बघा सगळ्यांची वयं."

बाबांनी फोटो एकामागून एक पुढे सरकवले. पहिला फोटो राजाचा होता, त्यावर ते थांबले नाहीत.

"बघितले," ते म्हणाले. "सगळे ठणठणीत. दाब."

राजकन्या राजधानीच्या वेशीशी आली तो दिवस ढगाळ होता. बाबांनी तिला दारातून आत घेतलं. एक छोटीशी तुतारी वाजली, इतक्या वर्षांत मी ती विसरूनच गेले होते. दरबाराचं चित्र उघडलं. आता राजा आणि त्याची बहीण शेजारी उभे होते.

"पोचले बाई एकदाची," आई म्हणाली.

"पोचलीस," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नुकत्याच कापलेल्या केसांवरून फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छान आणलंस, सरदार."

त्यांनी तिन्ही कप उचलले.

"थांबा की," आई म्हणाली. "दाबायचंय अजून आजचं."

"दाब ना. मी एवढे विसळून येतो."

ते स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, कपावर कप लागल्याचा आवाज आला. मी आईच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. काय होणार ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं. तिलाही वाटत असावं. तिने माझ्या हातावर गाल टेकवला.

तिने घड्याळ दाबलं.

नकाशा पांढरा झाला.

कागदाची गुंडाळी उलगडली. विझलेली मेणबत्ती. वयोमानाने, शांतपणे.

मी आईच्या छातीवर हात ठेवला. तिचा श्वास चालू होता. ती पुढे वाकून डोळे बारीक करून बघत होती, कारण गुंडाळीवरचा फोटो बाईचा नव्हता.

"अहो," आईने हाक मारली.

नळ चालू होता. त्याच्याखाली कुणी काही धुवत असलं की पाण्याचा आवाज सारखा तुटतो, बदलतो. आता तो एकसुरी येत होता.